स्मेल की स्टेंच

इंग्रजीचे निवृत्त सर इमारतीतल्या सगळ्यांचे अर्ज तपासून द्यायचे. शेजारीण, त्यांची जुनी विद्यार्थिनी, समितीला द्यायची तक्रार घेऊन आली, तेव्हा पहिल्याच ओळीला त्यांची पेन्सिल अडली.

"जिन्यात स्मेल येतो? अगं, स्मेल चांगलाही असतो. फ्रेग्रन्स फुलांचा, अरोमा कॉफीचा. ओडर म्हणजे नुसता नाक मुरडण्यापुरता. तुला नाकाला रुमाल लावावा लागतो ना?"

"हो, सर."

"मग स्टेंच लिही. तक्रार करताना भीड कसली?"

त्यांनी स्वतःच्या हाताने शब्द बदलला आणि अर्ज परत देताना विचारलं, "ज्या घरातून येतो, त्या घराचा नंबर का नाही घातलास?"

 

मांडीवर चढलेलं तिसरं मांजर हळूच खाली ठेवत ती म्हणाली, "तुमच्यासमोर लिहायला बरं वाटेना, सर."