न आलेला पूर

"नदी एक दिवस आमचं गाव गिळेल. कोर्ट टेकडीवरच्या गावात हलवा," असं १८४६ साली गावचा आमदार, वकील जोसाया प्रुइट अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या विधानसभेत बोलला आणि ठराव मंजूर झाला. कोर्टामागोमाग दुकानं गेली, पक्षकारही गेले. गावानं त्याला फितूर ठरवलं आणि पुढच्या निवडणुकीत पाडलं. तो मात्र गाव सोडून गेला नाही.

पूर काही येईना. दरवर्षी बर्फ वितळलं की प्रुइट काठावर जाऊन पाणी न्याहाळत उभा राहायचा.

एका वर्षी पाणी खरंच लोहाराच्या घरात शिरलं. प्रुइटच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेवढ्यात त्याला लोहाराची बायको दिसली. तान्हं मूल छातीशी धरून ती छपराच्या शिडीवर चढत होती आणि शिडी डगमगत होती. थंडगार पाण्यात धावत जाऊन त्यानं शिडी घट्ट धरली.

संध्याकाळी पाणी ओसरलं.

"बघितलंत वकीलसाहेब?" लोहार म्हणाला. "गाव आहे तिथंच आहे. कोर्टही राहिलं असतं."

"राहिलं असतं," प्रुइट म्हणाला. उभ्या वकिलीत तो एकही वाद इतक्या खुशीनं हरला नव्हता.