मावशीचा हात

“मावशी, चुरचुरतंय गं,” खुर्चीत मान मागे टाकून बसलेली भाची म्हणाली.

मावशीने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. कोपराखाली, आतल्या बाजूला तिनेही त्याच ट्यूबमधलं केस काढायचं क्रीम लावलं होतं. “माझ्या हाताला अजून काही नाही,” ती म्हणाली. “गप पड. तोंड हलवलंस तर ओठात जाईल.”

ही तिची पद्धत होती. ट्यूबवर किती मिनिटं छापलीत ते छापणाऱ्याने बघावं. गिऱ्हाइकाला क्रीम लावायचं, लगेच स्वतःला लावायचं आणि आपल्या हाताला चुरचुरायला लागलं की गिऱ्हाइकाचं ओल्या कापसाने पुसून काढायचं. दुकान उघडल्यापासून ती असंच करत आली होती. “मला जे सोसत नाही ते तुम्हाला लावणार नाही,” असं ती म्हणायची आणि बायका डोळे मिटून खुर्चीत बसायच्या. पलीकडच्या गल्लीत काचेच्या दारांचं झगमगीत पार्लर झालं, तरी तिचं एकही गिऱ्हाईक तिकडे फिरकलं नव्हतं.

वर्षानुवर्षं क्रीम लावून तिच्या हाताची तेवढी कातडी फिकट पडली होती. तिथे लव उगवणंही बंद झालं होतं. “केसांनी माझ्यापुढे हात टेकले,” असं ती हसत सांगायची.

भाचीवर तिचा जीव होता. स्वतःला मूलबाळ नाही, थोरल्या बहिणीची ही एकुलती एक. पोरीला टीव्हीवर बातम्या सांगायची नोकरी लागली होती आणि सोमवारपासून ती कॅमेऱ्यासमोर बसणार होती. ओठांवरच्या आणि हनुवटीवरच्या लवेने शाळेपासून तिला रडवलं होतं. दोऱ्याने ओढलं की पुटकुळ्या यायच्या, मेणाने एकदा सालटं निघालं होतं आणि रेझरचं नाव काढलं की ती उठून जायची. मग क्रीमच उरलं.

“आधी कानामागे थोडंसं लावून एक दिवस थांबायचं असतं ना?” तिने बसताना विचारलं होतं.

“ज्यांना मावशी नाही त्यांनी थांबावं,” मावशी म्हणाली होती.

आता क्रीम काम करत होतं तोवर तिने शेगडीवरचं मेणाचं भांडं डाव्या हाताने उचलून खाली ठेवलं.

“अगं, फडकं तरी घे!” भाची ओठ न हलवता ओरडली.

“या हाताला सवय आहे.”

“मावशी, आता आग होतेय.”

मावशीने पुन्हा हाताकडे पाहिलं. काही नाही. हल्ली सगळ्याच पोरी कुरकुर करायच्या. परवाच एकीने गाल लाल झाला म्हणून तोंड वाकडं केलं होतं. लोण्याच्या आहेत मेल्या, मावशी मनात म्हणाली. “केस मुळाशी मऊ व्हायला हवेत. जरा दम धर, राणी.”

भाचीने दम धरला. खुर्चीचे दांडे घट्ट धरले, डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत आलं, तरी धरला. मावशीच्या हाताला अजून काही होत नव्हतं ना! शेवटी ती किंचाळत उठली आणि बेसिनकडे धावली. पाण्याबरोबर क्रीम गेलं आणि कातडीही गेली.

इस्पितळात ती डोळ्यांखालपासून पट्ट्यांत गुंडाळलेली होती. भाजणं खोलवर गेलंय, व्रण राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोमवारचा विषय कोणी काढलाच नाही.

“आग होतेय म्हणाली ती तुला,” ताई म्हणाली. “ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग?”

“माझ्या हाताला काही होत नव्हतं गं, ताई.”

“खोटं बोलू नकोस! तू लावलंच नाहीस स्वतःला. तुला माझ्या पोरीचं चांगलं झालेलं बघवलं नाही.”

मावशीच्या काळजाला घरं पडली. पोरीचा चेहरा तिच्याच हातून गेला होता, ते तिला जन्मभर पुरणार होतं. पण मुद्दाम? तिने तडक डॉक्टरांसमोर बाही वर सारली. “तुम्हीच सांगा हिला. इथे लावलं होतं मी. तिला लावलं तेच, तेवढाच वेळ.”

फिकट कातडीवर टपोरा फोड आला होता.

“हा दुखत नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

“या गडबडीत लक्ष कुठलं जातंय.”

डॉक्टर तिचा हात उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिले. तळव्यावर भांड्याच्या काठाचा डाग होता. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं. “डोळे मिटा. मी टोचलं की ‘हो’ म्हणा. एवढंच.”

मावशीने डोळे मिटले. बरं झालं, एकदा तपासून होऊ दे, ताईच्या डोळ्यांदेखत होऊ दे. बाहेर कोणाच्या तरी खाटेची चाकं करकरत गेली. आत पोरगी कण्हली. मावशी ‘हो’ म्हणायला तयार होऊन बसून राहिली. डॉक्टर कसल्या तयारीत एवढा वेळ घालवत होते कोण जाणे.

“करा की सुरू, डॉक्टर,” अखेर ती म्हणाली.

मग ताईने तिचा खांदा धरला.

“अगं, केव्हाचे टोचतायत ते. रक्त आलंय तुझ्या हाताला.”