करडा ठिपका

"खाली दोन मजली तळघर, दीडशे गाड्यांची सोय. वर नवी इमारत." साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. "सगळ्या जगाच्या गाड्या कुठे आहेत ते आपण सांगतो आणि स्वतःच्या गाड्या लावायला आपल्याला जागा नाही. दिव्याखाली अंधार! लोक हसतात, वहिनी."

"हसू देत."

"हा भाग पाडावा लागेल. तोवर तुमची खोली वर नेऊ."

"भाऊजी, माझी खुर्ची इथून हलणार नाही. मी मेल्यावर काय खणायचं ते खणा."

साहेबांनी नकाशा गुंडाळला. चारशे माणसं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती, पण वहिनींपुढे त्यांचं काही चालत नसे. ही जागाही वहिनींचीच, माहेरून आलेली. पूर्वी इथे दगडाची खाण होती. साहेबांचे थोरले भाऊ, वहिनींचे यजमान, गेले त्या साली वहिनींनी भराव टाकून ती बुजवून घेतली आणि बेकार बसलेल्या दिराला म्हणाल्या, "घ्या, इथे उभी करा तुमची कंपनी." एवढं मोठं मन सख्ख्या आईचंही नसतं, असं साहेब आजही चारचौघांत सांगत.

वहिनींच्या खोलीची एक भिंत म्हणजे नुसता पडदा होता. त्यावर शहराचा नकाशा आणि हजारो हिरवे ठिपके. शाळांच्या बस, दुधाचे टँकर, रुग्णवाहिका. प्रत्येक गाडीत कंपनीचं यंत्र. त्या सगळ्यांत एकच ठिपका करडा होता, तळ्यावरच्या पुलालगत, पाण्यात. यंत्र क्रमांक एक.

ते थोरल्यांनी स्वतः बनवून घरच्या व्हॅनमध्ये बसवलं होतं. बायको व्हॅन घेऊन बाजारात गेली की थोरले घरबसल्या सांगत, आता चौकात आहे, आता वळली. कुठे पाच मिनिटं जास्त थांबली की लगेच फोन. किती जीव लावतो नवरा, असं शेजारणी म्हणत. वहिनी तेव्हा फारसं बोलत नसत.

अकरा वर्षांपूर्वी थोरले व्हॅनसकट नाहीसे झाले. ठिपका पुलापाशी येऊन थांबला तो थांबलाच. पाणबुडे उतरले, गळ टाकून झाले. ना गाडी सापडली, ना माणूस. गाळ फार खोल आहे, एवढंच सांगून सगळे परत गेले.

कंपनी वाढली ती याच दुःखावर. कुणाचाही ठिपका असा विझू द्यायचा नाही, असं धाकट्याने मनावर घेतलं. मग थोरल्यांच्या वेळेपासून यंत्रं जोडणाऱ्या मिस्त्रींनी 'जोडगोळी' काढली आणि एका खोलीचे चार मजले झाले. युक्ती साधीच होती. गाडीत यंत्रं दोन बसवायची. एक समोर, चोराचा हात आधी पडेल तिथे; दुसरं अशा जागी की मालकालाही सापडू नये. पहिलं उपटून फेकलं की चोर निर्धास्त होतो आणि आयता हाती लागतो.

यंत्रांच्या यादीत मात्र एकनंतर थेट तीन होता. थोरले हिशेबात कच्चे, असा विनोद नव्या माणसांना सांगितला जाई. करड्या ठिपक्यावर कुणी विनोद करत नसे. त्या खोलीत सगळे आपोआप हळू बोलत. तो मध्येच लुकलुकतो, अशी एकदोघांनी शपथही घेतली होती.

वहिनी रोज सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी विचारत, "हलला नाही ना?"

"नाही, वहिनी."

त्या निःश्वास टाकून खुर्चीत बसत. ऐकणारा हळहळत असे.

साहेब गेले आणि मिस्त्री चाचपडत आत आले. त्यांचा आज शेवटचा दिवस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक काम जमेना. त्यांनी दार लोटून घेतलं.

"वहिनी, एक ओझं उतरवायचंय. रागावू नका."

"बसा आधी."

"जोडगोळी माझ्या डोक्यातली नव्हे. थोरल्यांच्या. व्हॅनमध्ये त्यांनी माझ्याकडून दोन यंत्रं बसवून घेतली होती. एक तुम्हाला माहीत होतं ते. दुसरं मागच्या सीटखाली, पत्र्याच्या आत."

"कशासाठी?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "म्हणाले, एखाद्या दिवशी ही पहिलं काढून टाकील आणि निघून जाईल. मला शपथ घातली. पुढे पोलिसांनी तीन दिवस बसवून ठेवलं, तेव्हा जी दातखीळ बसली ती बसलीच. पहिल्याचा ठिपका पाण्यात दिसला म्हणून गाडीही तिथेच, असं धरू नये. हे शहाणपण आपण दुनियेला विकलं, वहिनी, आणि घरात नाही वापरलं."

"तुम्ही पाहिलंत?"

"हिंमत झाली नाही. पहिला हक्क तुमचा. यादीत दिसत नाही, पण हाताने दोन आकडा टाकलात तर उघडेल. शेवटची जागा त्यात असणारच."

वहिनींनी आकडा टाकला.

नकाशावर एक रेघ उमटू लागली. घरून निघाली. पुलावर गेली. तिथे दोन मिनिटं थांबली आणि वळली. तळं मागे टाकून शहरात परत आली, याच रस्त्याला लागली, कंपनीच्या फाटकातून आत शिरली आणि या खोलीत, टेबलामागच्या कोपऱ्यात येऊन संपली. तिथे दुसरा करडा ठिपका उगवला.

मिस्त्री डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होते. "काय दिसतंय, वहिनी? मला धड दिसत नाही हो."

वहिनींनी जमिनीवरचे पाय हळूच वर, खुर्चीत घेतले.

"तळंच," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, हे आणखी कुणाला सांगितलंत?"