हेल्मेटला हेल्मेट

"एकदा जरी माझं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटलं, तरी मी उतरणार," काकू म्हणाल्या. "आणि गाडी केमिस्टला देऊन टाकायची. ठरलं ना?"

"ठरलं," काका म्हणाले आणि आधीच घट्ट असलेला हेल्मेटचा पट्टा त्यांनी पुन्हा घट्ट केला.

केमिस्ट फाटकाशीच उभा होता. काकूंच्या पाठीचं ऑपरेशन झालं त्या दिवसापासून त्याचा या गाडीवर डोळा. तब्येत विचारायला यायचा आणि जाताना टाकीवरून हात फिरवून जायचा. आज तर पठ्ठ्या भर सकाळी दुकान बायकोवर सोडून आला होता.

काकू मागे बसल्या. दहा महिन्यांनी पहिल्यांदा. डॉक्टरांची परवानगी कधीच मिळाली होती, पण चार स्क्रू डॉक्टरांच्या नाही, काकूंच्या पाठीत होते. मागे बसणाऱ्याला गिअर डोक्यानं कळतो. पुढच्यानं भलत्या वेळी बदलला, की मागचं डोकं पुढच्या डोक्यावर जाऊन आपटतं. पूर्वी बाजारात पोचेपर्यंत असं दहा-बारा वेळा व्हायचं आणि काकू हसून सोडून द्यायच्या. आता एका धक्क्याच्या विचारानंही त्या गाडीपासून लांब राहायच्या.

खरं तर चूक काकांच्या सवयीत होती. सगळा जन्म छोट्या मोटरसायकलवर गेलेला. पेट्रोल वाचावं म्हणून गाडी जरा हलली की टाक दुसरा, टाक तिसरा. या तीनशे किलोच्या धुडाला ते कसं चालणार? घाईनं वरचा गिअर टाकला की इंजिन आचके देतं. उलट ताणत बसलं, तर बदलताना असा हिसका बसतो की विचारू नका. मधे एक क्षण असतो. इंजिनाचे सुटे सुटे ठोके एकमेकांत मिसळतात, हँडलची थरथर थांबते, सीट शांत होते. तेव्हा टाकायचा. तो क्षण मीटरवर दिसत नाही. काका दहा महिने रोज पहाटे एकटे जाऊन तो शोधत होते, आणि शेजारीपाजारी म्हणत होते, म्हातारपणी याला भलतंच खूळ लागलं.

गाडी निघाली. काकूंनी मागचा दांडा धरला आणि डोळे मिटून घेतले. काकांचा डावा पाय दिसला असता तर गिअर आधीच कळला असता, आणि लबाडी त्यांना चालत नसे.

कोपरा गेला. शाळेची भिंत गेली असावी, कारण मुलांचा गलका मागे पडला. काकूंना राहवेना.

"अहो, दुसरा टाका की. किती ताणाल?"

"चौथ्यात आहे," काका म्हणाले.

पस्तीस वर्षं या माणसानं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट थांबली हे आतल्या माणसाला आकडा बघून कळलं पाहिजे, पोटाला कळता कामा नये, असं तो घरी येऊन सांगायचा आणि काकू भाजी चिरत हूं हूं करायच्या. काय माणूस आहे, असं आज त्यांच्या मनात आलं. तोंडावर म्हणण्याची त्यांची पद्धत नव्हती.

चौकात एक टेम्पो आडवा घुसला. काकूंनी दांडा आणखी घट्ट धरला. वर जाणं सोपं, खाली येतानाच खरी परीक्षा. काकांनी ब्रेक लावत क्लच दाबला, इंजिनाला हलकेच रेस दिली आणि मगच क्लच सोडला. तिसरा. पुन्हा तसंच. दुसरा. काकूंची हनुवटी इंचभर पुढे गेली आणि तिथेच थांबली. टेम्पोवाल्याला काका एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पाठीमागे होतं.

पुढे मैदानालगतचा सरळ रस्ता लागला. तिसरा, चौथा, पाचवा. ठोके मिसळले, सीट शांत झाली. काकांनी सहावा टाकला.

टक्.

लवकर टाकला? की क्लच झटकन सुटला? काकांना काही कळेना. त्यांनी इंडिकेटर दिला, एकेक गिअर उतरवत गाडी कडेला घेतली, पाय टेकले आणि इंजिन बंद केलं. हरल्यावरही त्यांनी गाडी इतकी अलगद थांबवली की काकूंनी डोळे उघडले तेव्हा बाजूचं झाड जागच्या जागी पाहून त्यांना थांबल्याचं कळलं.

"काय झालं?"

काकांनी किल्ली काढली आणि मागे न बघता खांद्यावरून त्यांच्यापुढे धरली.

"आपटलं. ऐकलं मी. तू रिक्षानं घरी जा. केमिस्टला म्हणावं, संध्याकाळी गाडी घेऊन जा." मग त्यांनी विचारलं, "दुखलं का गं?"

काकू उतरल्या नाहीत. किल्लीही त्यांनी घेतली नाही.

"आपटलं नाही," त्या म्हणाल्या. "मी टेकवलं होतं."

काकांचा हात तसाच हवेत राहिला. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, गिअर न्यूट्रलला होता. काकूंनी मागचा दांडा सोडला आणि त्या सावकाश पुढे झुकल्या.

टक्.