ऑब्रीची गाठ

हिवाळ्यात दुपार कलली की डंजनेसच्या गोट्यांच्या किनाऱ्याशी व्हायटिंग मासा येतो. ग्वेंडा आणि शेजारचे लेनकाका पाण्यात गळ टाकून कुडकुडत बसले होते.

गळ बांधावा तर ग्वेंडाच्या बापाने, ऑब्रीने. गाठ आवळण्याआधी तो ती ओठांत धरून थुंकीने ओली करायचा. त्याची गाठ कधी सुटली म्हणून नाही. गेल्या हिवाळ्यात इथूनच लाटेने त्याला ओढून नेलं, तो सापडलाच नाही.

काठीचं टोक थरथरलं. ग्वेंडाने दोरी गुंडाळली. चांदीसारखा मासा वर आला, पण लेनकाका गाठच न्याहाळत राहिले.

"वा गं पोरी! वेढ्याला वेढा कसा बिलगलाय बघ. थेट बापाचा हात!"

"थट्टा करताय होय? माझ्या गाठीला बाबा बुटाची नाडी म्हणायचे."

"मग ही कुणाची?"

तिने हातमोजा काढला. मासा गार होता, गळ बर्फासारखा होता, दोरीने बोटं बधिर झाली.

गाठ तेवढी कोमट होती, आत्ताच कुणाच्या तरी ओठांतून सुटल्यासारखी.