वाढदिवसाचा केक

चर्चच्या आवारात रूथने माईक हातात घेतला तेव्हा बायकांनी आधीच डोळ्यांना पदर लावले होते. "माझे मिस्टर आखातात दर शुक्रवारी खोलीवर प्रार्थनासभा घ्यायचे. एवढ्याच गुन्ह्यासाठी त्यांना तुरुंगात डांबलंय," ती ठणकावून बोलली. पाळकांनी ते भाषण मोबाइलवर टिपलं आणि बघता बघता ते देशोदेशी पोचलं.

पुढच्या रविवारी दुसरी सभा सुरू होणार, तोच तुरुंगातून नवऱ्याचा फोन आला.

"अहो, पाहिलंत का? सगळं जग तुमच्यासाठी बोलतंय!"

"पाहिलं. इथल्या साहेबांनीच दाखवलं." त्याचा आवाज पार बसला होता. "आम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, मित्राचा वाढदिवस होता, केक कापायला जमलो होतो. त्यांना पटलंही होतं. परवाच सोडणार होते."

रूथने विचारलं, "आणि आता?"

"आता काय! रडू नकोस. मी जिवाच्या भीतीने खोटं बोललो, तू खरं बोललीस, एवढंच."

फोन कट झाला. मंडपातून पाळकांनी हाक मारली, "रूथबाई, या लवकर. आज गेल्या वेळेपेक्षा दुप्पट माणसं आलीत."