मनोहरच्या घरची भाकर

सुशीलानं हात पुढे केलाच नाही. प्रभुभोजनाचं ताट घेऊन मनोहर आपल्या धाकट्या बहिणीसमोर उभा राहिला आणि भर मंडळीत त्याचे कान तापले.

सौंसरच्या या लहानशा चर्चची रीत अशी, की भाकरीचा तुकडा हातात धरून थांबायचं. शेवटच्या माणसाला मिळाला, की सगळ्यांनी संगच खायचा. भाकर आळीपाळीनं एकेका घरून यायची. आज पाळी मनोहरची होती. तारणावर, म्हणजे आत्म्याच्या उद्धारावर, त्यानं प्रार्थनाही अशी केली, की ऐकणाऱ्याला वाटावं, स्वर्गाची किल्ली याच्याच खिशात! लोका सांगे ब्रह्मज्ञान. दोन वर्षांपूर्वी हीच सुशीला नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून माहेरी आली, तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीनं यानंच तिला दारातून परत पाठवलं होतं. तेव्हापासून ती जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायची आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहायची.

"घे न, बाई. सारे थांबून राहिले," तो पुटपुटला.

"ज्या घरी भाकर नाही भेटली, त्या घरची इथं कशी घेऊ, भाऊ?"

ती हळूच बोलली, पण चर्च ते केवढं! सगळ्यांना ऐकू गेलं.

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना छिंदवाड्याची बस गाठायची होती. "ज्यांनी घेतली त्यांनी खावी," ते म्हणाले.

कोणी खाल्ली नाही. म्हाताऱ्या लीलाबाई उठल्या आणि आपला तुकडा त्यांनी ताटात परत ठेवला. मग मागच्या बाकावरच्या उत्तमनं ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी. मनोहरला ताट पेलवेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःची लाज वाटली.

"चुकलो मी," तो म्हणाला. "इथून थेट घरी चाल, सुशीला. तुह्या खोलीतलं सामान मी आणतो."

सुशीलानं त्याच्या हातून ताट घेतलं, पदर खोचला आणि घरचीच पंगत असल्यासारखं सगळ्यांना वाढलं. स्वतःही घेतलं. शेवटचा तुकडा घेऊन ती भावासमोर आली.

मनोहरच्या डोळ्यांना धार लागली होती. मान वर करायचीही त्याला हिंमत होईना.

बाहेर बस सुटल्याचा आवाज आला. पाळकसाहेब हलले नाहीत. हातात भाकर धरून सगळी मंडळी मनोहरसाठी थांबली होती.